जुन्या यंत्रांच्या भागांवरचा गंज विजेने काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारतात. काहींनी ते पहिला जॉब (म्हणजे साफ करायचा भाग) पाण्यात टाकण्याआधी विचारले, बहुतेकांनी काहीतरी बिघडल्यावर. सोप्यापासून सुरुवात करून अवघडाकडे गेलो आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान ५, ६ आणि ११ वाचल्याशिवाय चार्जरचं बटण दाबू नका.

१. ही पद्धत नेमकी आहे काय? गंज पाण्यात विरघळतो का?

विरघळत नाही, सुटतो. सोड्याच्या पाण्यात गंजलेला भाग बुडवायचा आणि त्याला डीसी पुरवठ्याचं निगेटिव्ह टोक जोडायचं. शेजारी, त्याला न टेकवता, टाकाऊ लोखंडाचा तुकडा टांगून त्याला पॉझिटिव्ह टोक द्यायचं. प्रवाह सुरू झाला की जॉबवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि टाकाऊ तुकड्यावर ऑक्सिजनचे. जॉबवरचा तांबडा गंज हळूहळू काळा आणि भुसभुशीत होतो. पापुद्र्याखाली निघणारे बुडबुडे त्याला खालून उचलतात. शेवटी उरतो तो काळा चिखल, आणि तो ब्रशनेच काढायचा असतो. गंजून गेलेलं लोखंड मात्र परत येत नाही, तशी आशा ठेवू नका.

२. यात चांगलं लोखंड झिजतं का? लेथच्या स्लाइडचं माप जाईल का?

जोडणी बरोबर असेल तर झिजत नाही. ॲसिड गंजाबरोबर खालचं लोखंडही खातं. इथे जॉब निगेटिव्ह बाजूला असतो आणि त्या बाजूचं लोखंड विरघळत नाही. जहाजांचे तळ आणि जमिनीखालचे पाइप गंजापासून वाचवायला हेच तत्त्व वापरतात. त्यामुळे स्लाइडवर स्क्रेपरने काढलेले जुने ठसे, डायलवरच्या कोरीव रेघा, कारखान्यात मारलेले नंबर, सगळं जागच्या जागी राहतं.

तरीही ‘आधी फिटिंग घट्ट होतं, आता सैल झालं’ अशी तक्रार येते. गंज हा ज्या लोखंडापासून बनतो त्यापेक्षा जास्त जागा घेतो. माप आधीच गेलेलं होतं, गंजाने ते भरून काढलं होतं इतकंच.

३. सुरुवातीला काय काय लागेल?

जॉब पूर्ण बुडेल असा प्लॅस्टिकचा टब (धातूचा अजिबात नको), धुण्याचा सोडा, साध्या लोखंडाचे दोन-चार तुकडे, १२ व्होल्टचा डीसी पुरवठा (बॅटरीचा जुना साधा चार्जर चालतो), चांगले चिमटे असलेल्या वायर आणि जॉब टांगायला टबावर आडवी लाकडी पट्टी. हातमोजे आणि चष्मा घालाच. प्रवाह दाखवणारा अँपिअरमीटर असेल तर निम्मे प्रश्न विचारायची वेळच येत नाही.

४. सोडा किती आणि कोणता? मीठ टाकलं तर लवकर होईल ना?

धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. लिटरमागे ५ ते १० ग्रॅम पुरतो, म्हणजे २० लिटरच्या बादलीला १०० ते २०० ग्रॅम. सोडा गंज काढत नाही, तो फक्त पाण्यातून वीज वाहू देतो. दुप्पट टाकला तर चार्जर तापेल, बाकी काही नाही.

खाण्याच्या सोड्याने काम होतं, पण प्रवाह कमी मिळतो. तो पसरट भांड्यात २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर तापवला की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन धुण्याचा सोडाच उरतो. कॉस्टिक सोड्याची गरज नाही. तो कातडी आणि डोळे जाळतो आणि इथे त्याने जास्तीचं काही साधत नाही.

मीठ नको. मिठाच्या पाण्यात पॉझिटिव्ह टोकावर क्लोरीन तयार होऊ शकतो, हे एक. दुसरं म्हणजे मिठातला क्लोराइड लोखंडाच्या बारीक छिद्रांत घुसून बसतो आणि धुतलेला, तेल लावलेला भाग महिन्याभरात आतून पुन्हा गंजायला लागतो. पाणी पिवळसर-हिरवं होऊन फसफसताना पाहून लोकांना वाटतं की काम जोरात चाललंय.

५. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावला तर? तो झिजत नाही आणि सारखा साफही करावा लागत नाही.

याच मोहापायी सर्वात जास्त लोक चुकतात. स्टेनलेस झिजताना दिसत नाही, पण झिजतं. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि त्याचं हेक्साव्हॅलंट रूप तयार होऊ शकतं. हे कर्करोगकारक आहे. असं पाणी गटारात किंवा मातीत ओतता येत नाही, ते घातक कचरा म्हणूनच द्यावं लागतं. पाण्याला पिवळी झाक आली तर काम थांबवा.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आणि तांबं-पितळही नको. हे धातू पाण्यात उतरतात आणि जॉबवर जाऊन बसतात. साधा लोखंडी पत्रा, बांधकामातली सळी, जुनी कानस, असलं काहीही चालतं. ग्रॅफाइटची कांडी उत्तम, तिच्यावर तांब्याचा मुलामा असेल तर तो आधी काढून टाका.

लोखंडी तुकड्यावर तांबडा थर चढतो आणि प्रवाह उतरतो. काही तासांनी तो बाहेर काढून खरवडावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

६. टोकं उलटी लागली तर काय होतं?

जॉब खाल्ला जातो. गंज तसाच राहतो आणि चांगलं लोखंड पाण्यात जातं.

माझ्या हातून हे झालंय. एका जुन्या व्हाइसचे जबडे साफ करायला ठेवले होते. आदल्या दिवशी चिमट्यांची रबरी टोपणं बदलली होती, त्यात लाल-काळ्याची अदलाबदल झाली. सकाळी टाकाऊ सळी चकचकीत आणि जबड्यांचे दात बोथट. बोटाने चाचपलं तर कडा साबणाच्या झिजलेल्या वडीसारख्या लागत होत्या. तेव्हापासून मी रंगावर भरवसा ठेवत नाही. जोडल्यावर दोन मिनिटं बघत बसतो. दोन्हीकडे बुडबुडे येतात, पण निगेटिव्हकडे जास्त, कारण ऑक्सिजनच्या दुप्पट हायड्रोजन निघतो. दाट, दुधाळ बुडबुडे जॉबवर असले तर जोडणी बरोबर. शंका असेल तर मल्टिमीटर लावा. जॉब जातो ऋण टोकाला, हे टबावरच लिहून ठेवा.

७. किती व्होल्ट, किती अँपिअर ठेवायचे?

१२ व्होल्ट पुरेत, ५ ते ६ व्होल्टवरही काम होतं. मुठीएवढ्या भागाला १ ते २ अँपिअर, टेलस्टॉकएवढ्या (लेथवर जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) भागाला ३ ते ५ अँपिअर. प्रवाह कमी हवा असेल तर टाकाऊ लोखंड लांब सरकवा किंवा त्याचा थोडाच भाग बुडवा. जास्त हवा असेल तर उलट करा. पाणी कोमटापलीकडे गरम लागलं तर प्रवाह जास्त आहे, वीज पाणी तापवण्यात चालली आहे.

लोकांचा ओढा नेहमी वाढवण्याकडे असतो. माझा अनुभव उलटा आहे. दीड अँपिअरवर रात्रभर ठेवलेला भाग आठ अँपिअरवर तीन तास काढलेल्या भागापेक्षा स्वच्छ निघतो, कारण गंजाच्या खालच्या थराला बदलायला वेळ मिळतो.

८. माझा नवा बॅटरी चार्जर चालूच होत नाही. बिघडला का?

बिघडला नाही, हुशार आहे. हल्लीचे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरीचा व्होल्टेज दिसल्याशिवाय प्रवाह सोडत नाहीत, आणि सोड्याच्या टबात त्यांना बॅटरी दिसत नाही. मध्ये एक बॅटरी जोडून त्याला फसवायची युक्ती सांगितली जाते, ती मला आवडत नाही. बॅटरी शॉर्ट सर्किटमध्ये शेकडो अँपिअर देऊ शकते. जुना साधा चार्जर किंवा प्रवाहाची मर्यादा ठरवता येणारा बेंच पॉवर सप्लाय घ्या. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायची १२ व्होल्टची बाजूही चालते, पण त्याला प्रवाह बेताने देणं माहीत नाही. ओझं जास्त झालं की तो बंद पडतो. टाकाऊ लोखंड लांब ठेवून सुरुवात करा.

९. सगळं जोडलं, पण बुडबुडे येतच नाहीत.

दहातल्या नऊ वेळा दोष चिमट्याखाली सापडतो. गंजातून वीज नीट वाहत नाही, आणि चिमटा गंजावर किंवा रंगावर बसवलेला असतो. नखाएवढी जागा कानसीने किंवा पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि चिमटा तिथे लावा. त्याहून चांगलं म्हणजे एखाद्या आट्याच्या भोकात साधा लोखंडी बोल्ट आवळून वायर त्याला बांधा. जड भागावर चिमटा रात्रीतून घसरतो, बोल्ट घसरत नाही.

पॉझिटिव्हचा चिमटा मात्र पाण्याच्या वर हवा. तो तांब्याचा असून पाण्यात गेला तर विरघळतो आणि जॉबवर गुलाबीसर डाग उमटतात.

तरीही प्रवाह नसेल तर सोडा विरघळलाय का आणि टाकाऊ लोखंडावर थर चढलाय का, ते बघा (प्रश्न ४ आणि ५).

१०. एक बाजू छान निघाली, मागची तशीच आहे. असं का?

वीज सोप्या वाटेने जाते. टाकाऊ लोखंडाला जी बाजू सामोरी असते तिकडे बहुतेक प्रवाह जातो, पाठीकडे थोडाच वळतो. टबाच्या चारही बाजूंनी सळ्या उभ्या करा आणि त्या वायरने एकमेकींना जोडून एकच पॉझिटिव्ह करा. नाहीतर मध्येच जॉब फिरवा.

नळीच्या आत, चकच्या (लेथवर जॉब पकडणारा भाग) भोकात, खोल खाचेत वीज जवळजवळ पोचतच नाही. त्यासाठी एक सळी आत सोडावी लागते. ती भिंतीला टेकली की शॉर्ट होतं, म्हणून तिला प्लॅस्टिकच्या जाळीची किंवा भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या नळीची गुंडाळी द्या. एका बाजूने बंद असलेलं भोक तोंड वर करून टांगा. तोंड खाली राहिलं तर आत हायड्रोजनचा फुगा अडकतो, आणि तेवढा भाग पाण्यात असूनही कोरडा राहतो.

११. हायड्रोजनचा स्फोट होतो म्हणतात. एका बादलीने इतकं काय होणार?

हिशोब करून बघा. एक अँपिअर तासभर वाहिला की साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. ५ अँपिअरवर १२ तास म्हणजे सुमारे २५ लिटर. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो. म्हणजे हा २५ लिटर वायू ६०० लिटरहून जास्त हवेला पेटण्याजोगं करू शकतो, आणि एखाद्या मोठ्या बंद कपाटात साधारण तेवढीच हवा मावते. मोकळ्या जागेत वायू वर जाऊन विरतो, काही होत नाही. धोका असतो तो दारं लावलेल्या खोलीत आणि घट्ट झाकणाच्या टबात.

काम उघड्यावर किंवा चांगल्या वाऱ्याच्या जागी करा. झाकण लावू नका, कचरा पडू नये म्हणून फार तर जाळी टाका. जवळ विडी-सिगरेट, वेल्डिंग, ग्राइंडर नको. आणि चिमटा काढायच्या आधी पुरवठा भिंतीवरच्या बटणाने बंद करा. चिमटा ओढताना उडणारी ठिणगी बरोबर फेसाच्या वर असते, आणि फेसाच्या बुडबुड्यांत हायड्रोजन-ऑक्सिजन एकत्र कोंडलेले असतात. म्हणूनच पाण्यात साबणाची पावडर टाकायची नाही. चार्जर टबाच्या वर फळीवर ठेवू नका, बाजूला कोरड्या जागी ठेवा.

१२. किती तास लागतात? जास्त वेळ राहिला तर खराब होईल का?

वरवरचा गंज दोन-तीन तासांत, जाड खपल्या रात्रभरात, फारच वाईट भाग दोन-तीन फेऱ्यांत निघतो. मध्ये बाहेर काढून ब्रश मारला तर एकूण वेळ वाचतो, कारण सुटलेला चिखल नव्या थराला झाकून बसलेला असतो. तांबडं काही दिसेनासं झालं आणि अंगठा फिरवल्यावर काळ्याखालून करडा धातू दिसला की झालं. साधं लोखंड आणि बीड (ओतीव लोखंड) जास्त वेळ राहिल्याने बिघडत नाही. कडक पोलादाचं तसं नाही, त्यासाठी प्रश्न १७ पाहा.

१३. पाणी पार तांबडं झालंय. बदलू का? टाकू कुठे?

रंगाने काही बिघडत नाही. ते पाणी महिनोन्महिने वापरता येतं. वरचा तेलकट थर काढा, तळाचा गाळ गाळून घ्या आणि आटलं तेवढं साधं पाणी घाला. सोडा संपत नाही, पाणी संपतं. साध्या लोखंडावर केलेल्या कामाच्या पाण्यात सोडा आणि लोखंडाचा गंज यापलीकडे फारसं काही नसतं. पण जुन्या यंत्राचा रंग त्यात सुटला असेल तर त्या रंगात शिसं असू शकतं. तो गाळ वेगळा ठेवून घातक कचऱ्यात द्या. स्टेनलेस किंवा मुलाम्याचे भाग गेले असतील तरीही तेच.

१४. स्वच्छ काढलेला भाग अर्ध्या तासात पुन्हा तांबूस झाला. माझं काय चुकलं?

टबातलं काही चुकलं नाही, त्यानंतरचं चुकलं. पाण्यातून निघालेलं उघडं लोखंड भुकेलं असतं. ओलं असताना हवा लागली की काही मिनिटांत तांबडी झाक येते. म्हणून टबातून काढायच्या आधी सगळं हाताशी हवं: तारेचा ब्रश, गरम पाण्याची बादली, फडकी, गरम हवेचा झोत, तेल. मधे फोन आला तर घेऊ नका.

मी करतो ते असं. भाग काढला की वाहत्या पाण्याखाली घासतो. काळं निघून करडं दिसायला लागलं की जमेल तितक्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवतो, म्हणजे धातू स्वतःच तापतो आणि बाहेर काढल्यावर पाणी आपोआप उडतं. मग आटे, खाचा आणि भोकांत गरम हवा मारतो. भाग हाताला उबदार असतानाच पाणी हटवणारं तेल, आणि तासाभराने नेहमीचं जाड तेल. एकदा टेलस्टॉकची स्लीव्ह अशी पुसताना मिलिमीटरच्या बारीक रेघा एकेक करून वर आल्या. त्या तिथे असतील अशी कुणाला कल्पनाही नव्हती.

रंग द्यायचा असेल तर तेल लावू नका. सोडा साध्या पाण्याने पूर्ण धुवा, कारण राहिलेल्या सोड्यावर रंग धरत नाही. पूर्ण वाळवून त्याच दिवशी प्रायमर द्या.

१५. आधी ग्रीस आणि रंग काढावा लागतो का?

ग्रीस काढाच. त्यातून वीज जात नाही आणि ते पाण्यावर तरंगून प्रत्येक भागाला पुन्हा लागतं. रॉकेलने धुतलंत तर भाग पूर्ण कोरडा होऊ द्या, ज्वलनशील वाफ आणि हायड्रोजन एकत्र नकोत. रंगाखालचा गंज सोड्याच्या पाण्यात रंगासकट सुटतो. रंग टिकवायचा असेल तर ही पद्धत सोडून द्या.

१६. कुठले भाग टबात टाकायचे नाहीत?

ॲल्युमिनियम आणि जस्ताचे ओतीव भाग (बऱ्याच हँडव्हील आणि मूठ अशा असतात) अल्कलीच्या पाण्यात खाल्ले जातात. कंपनीची नावाची पट्टी ॲल्युमिनियमची असू शकते, ती आधी काढा, नाहीतर कोरी होऊन निघेल. क्रोम-निकेलचा मुलामा असेल तर कडेखाली हायड्रोजन शिरून तो पापुद्र्यासारखा उठतो. बेअरिंग, पितळी बुश, मोटर, लाकूड, चामडं, सगळं सोडवून बाजूला ठेवा. गेज ब्लॉकसारखी अतिअचूक वस्तू या वाटेलाच नको.

१७. हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ होतं, हे खरं का?

खरं आहे, पण सगळ्या पोलादाचं नाही. जॉबवर तयार होणाऱ्या हायड्रोजनचा काही भाग धातूत शिरतो. साध्या लोखंडाला, बिडाला, मऊ शाफ्टला त्याचं काही वाटत नाही. कडक केलेलं पोलाद जितकं कडक आणि जितक्या ताणाखाली, तितका धोका. स्प्रिंग, १२.९ ग्रेडचे बोल्ट, उचलण्याच्या साखळ्या आणि हूक यांना मी वीज लावत नाही. तुटताना ते आधी सांगत नाहीत.

मुलामा देणारे कारखाने असे भाग मुलाम्यानंतर लगेच १९० ते २२० अंशांवर काही तास भट्टीत ठेवून हायड्रोजन बाहेर काढतात. घरच्या भट्टीत अंदाजाने केलं तर हायड्रोजन पूर्ण निघाल्याची खात्री नाही, आणि कमी तापमानावर टेंपर केलेलं (कडक केल्यावर पुन्हा बेताने तापवलेलं) पोलाद मऊ पडण्याची शक्यता आहे. छिन्नी, रंध्याचं पातं, लेथचा सेंटर यांचं काम कमी प्रवाहावर, लागेल तेवढाच वेळ करा आणि वापरण्याआधी एक-दोन दिवस तसेच ठेवा. स्प्रिंगसाठी कीलेट प्रकारचं (गंजातलं लोखंड धरून पाण्यात ओढणारं) गंज काढण्याचं द्रावण घ्या, त्यात हायड्रोजन निघत नाही.

१८. लेथचा बेड टबात मावत नाही. अर्धा अर्धा बुडवून चालेल?

चालेल, पण पाण्याच्या रेषेवर एक पट्टा उमटतो आणि वरचा ओला भाग त्या वेळात गंजतो. दुसऱ्या फेरीत बेड उलटवताना पहिली रेषा चांगली हातभर पाण्याखाली जाऊ द्या. त्यापेक्षा चार फळ्यांची लांब चौकट करून आत जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा. बेडखाली लाकडी ठोकळे हवेत, नाहीतर धारदार कडेने कागद फाटतो आणि मध्यरात्री सगळं पाणी जमिनीवर येतं. सळ्या दोन्ही लांब बाजूंनी लावा. स्लाइडचा पृष्ठभाग तेवढाच गंजलेला असेल तर तिथे मातीची किंवा मेणाची बांध घालून छोटं तळं करण्यापेक्षा सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं फडकं अंथरून वर पॉझिटिव्हला जोडलेला लोखंडी पत्रा ठेवा. फडकं ओलं ठेवायचं आणि पत्रा बेडला कुठेही टेकू द्यायचा नाही.

१९. जाम झालेला चक अख्खा टाकला तर सुटेल?

कधी सुटतो, पण भरवसा नाही. दोन भागांच्या फटीत वीज पोचत नाही (प्रश्न १०), बाहेरच्या खपल्या निघाल्याने तेल आत शिरायला वाट मिळते इतकंच. आणि सुटला नाही तर आत अडकलेलं सोड्याचं पाणी तसंच राहतं. टाकायचाच असेल तर नंतर तो उकडून, वाळवून तेलात बुडवून ठेवायची तयारी ठेवा.

२०. बिडाचा भाग कितीही पुसला तरी फडकं काळं होतंय. अजून गंज आहे का?

नाही, ते ग्रॅफाइट आहे. करड्या बिडात ग्रॅफाइटच्या पाकळ्या असतात, पृष्ठभाग उघडा पडला की त्या फडक्याला लागतात. एका मर्यादेनंतर पुसणं थांबवा आणि तेल लावा. दोन दिवसांनी पांढरी भुकटी उमटली तर ती छिद्रांतून बाहेर आलेल्या सोड्याची. पुन्हा गरम पाणी, पुन्हा वाळवणं, पुन्हा तेल.

२१. रात्री वीज गेली आणि जॉब सकाळपर्यंत तसाच पाण्यात राहिला. वाया गेला का?

बहुधा नाही. सोड्याचं पाणी अल्कली असल्याने पूर्ण बुडालेलं लोखंड त्यात सहसा लगेच गंजत नाही. पाण्याबाहेर आलेला भाग आणि रेषेजवळचा पट्टा तेवढा तांबूस झालेला दिसेल. पुरवठा बंद करून सळ्यांवरचा थर खरवडा, चिमटे तपासा आणि पुन्हा तासभर चालवा. वीज परत आल्यावर चार्जर आपोआप सुरू होणारा असेल तर तुम्ही झोपेत असताना बंद खोलीत बुडबुडे सुरू होऊ शकतात. त्याची काळजी रात्री जोडतानाच घ्या (प्रश्न ११).